घरच्या गॅरेजात मियाटाचं मागचं डिफरन्शियल: ६ इंची काढून ७ इंची टोर्सन

मागचंचाक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे गाड्यांवरचे धागे बरेच निघतात, पण बहुतेक 'कोणती घेऊ' या जातीचे. हा 'घेतलीय, आता उघडलीय' या जातीचा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

गाडी १९९१ ची माझदा एमएक्स-५, जिला इकडे अमेरिकेत सगळे मियाटा म्हणतात. इंजिन १.६, गिअर पाच, मागच्या चाकांवर चालणारी. मुक्काम डेट्रॉइटच्या बाहेर. म्हणजे हिवाळाभर रस्त्यावर मीठ आणि गाडीखाली गंज, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

उन्हाळ्यात मी ऑटोक्रॉसला जातो. रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडतात आणि एकेकाने वेळ लावून गाडी पळवायची. दुसऱ्या गिअरमध्ये घट्ट वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की आतलं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरायला लागतं. इंजिन बोंबलतं, गाडी ढिम्म. साधं ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. ज्या चाकाला पकड नाही ते जेवढा टॉर्क पेलेल, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. बाहेरचं चाक बिचारं जोर लावायला तयार असतं, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही.

दुसरं कारण जरा दूरचं आहे. पुढेमागे टर्बो बसवायचा विचार आहे आणि १.६ च्या गाडीतलं डिफ लहान, क्राउन (आतला मोठा गिअर) साधारण ६ इंचांचा. ताकद वाढवली की हे डिफ दात टाकतं, अशी त्याची ख्याती आहे. १९९४ साली १.८ इंजिन आलं तेव्हा माझदाने ७ इंची डिफ दिलं आणि पर्याय म्हणून टोर्सनही, म्हणजे पकड असलेल्या चाकाला जास्त टॉर्क देणारं डिफ. ते १.६ च्या गाडीत बसतं, फक्त डिफ एकटं आणून भागत नाही. दोन्ही हाफशाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा) १.८ चाच लागतो, कारण पुढचा फ्लँज वेगळा आहे. चाकाकडचे स्प्लाइन मात्र जुन्या हबमध्ये गुमान बसतात.

भंगार यार्डातून तिन्ही गोष्टी एकाच गाडीच्या मिळाल्या. यार्डवाला म्हणाला, आवाज नाही, काही नाही. घरी आणून पिनियनचा (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा) फ्लँज हाताने फिरवला तर आतून खरखर. टोर्सन असल्याची खात्री तिथेच केली होती: एका बाजूचं आउटपुट फिरवलं की दुसरी बाजू त्याच दिशेने फिरते. ओपन असतं तर उलटी फिरली असती.

तर आता बेत असा: सगळं उघडायचं, चारही बेअरिंग आणि सीलं नवी, क्राउन-पिनियन तेच ठेवायचं. डायल गेज आहे, कमी मापाचा टॉर्क रेंच आहे, बेअरिंगचा पुलर आणि प्रेस मित्राकडून. कोणी हे हाताने केलेलं असेल तर उघडण्याआधी काय मोजून ठेवू, ते सांगा.

भोपळे चौकात

वाचतोय. पण डिफरन्शियल मुळात कशाला लागतं, हे कोणी आमच्यासारख्यांना सांगेल का? बैलगाडीला कुठे असतं?

उंटावरचा शहाणा

@भोपळे चौकात, बैलगाडीचं उदाहरण बरोब्बर दिलंत. तिची दोन चाकं आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते कापतं, कोणाचं काही अडत नाही. कारण बैल ओढतात, चाकं नाही. इंजिनाने चाकांनाच फिरवायचं ठरवलं की पंचाईत होते. दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की केली तर वळताना एक टायर घासत जाणार, सुटी ठेवली तर फिरवणार कशी? हा गुंता फ्रान्सच्या पेकूरने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी सोडवला. दोन चाकांच्या मध्ये गिअरची अशी जोडणी, की टॉर्क दोघांना आणि वेग ज्याचा त्याला.

धागाकर्त्याला एक प्रश्न. एवढं उघडताच आहात तर आतले गिअर वेल्ड करून टाका की. फुकटात शंभर टक्के लॉक. ड्रिफ्टवाली पोरं तेच करतात.

मागचंचाक

@उंटावरचा शहाणा, ही गाडी मी दूध-ब्रेड आणायलाही नेतो. वेल्ड केलेलं डिफ कोरड्या डांबरावर प्रत्येक वळणाला टायर घासणार, पार्किंगमध्ये गाडी उड्या मारणार, हाफशाफ्टवर ताण येणार तो वेगळाच. ड्रिफ्टमध्ये टायर जाळायलाच घेतलेले असतात. माझे नाहीत.

जुना फिटर

मी पिंपरीत ट्रकच्या मागच्या अॅक्सलच्या लाइनवर होतो. आता निवृत्त. गाडी कुठलीही असो, क्राउन-पिनियनचे नियम तेच, आकार काय तो लहान-मोठा. विचारलंस ते बरं केलंस, नाहीतर पोरं आधी हातोडी घेतात.

उघडल्या उघडल्या काही काढू नको. दात कापडाने पूस. पहिल्यांदा बॅकलॅश घे, म्हणजे दातांमधली मोकळीक. पिनियन धरून ठेवायचा, क्राउनच्या दाताला डायल गेजची टोकणी काटकोनात लावायची आणि क्राउन मागेपुढे हलवून काटा किती हलतो ते बघायचं. एका जागी नाही, क्राउन फिरवून चार-पाच जागी. आकडे जागेसकट लिहून ठेव. मग दातांना रंग लाव आणि छाप घे, दात एकमेकांना कुठे टेकतात ते दिसतं. आम्ही पूर्वी शेंदूर तेलात कालवून लावायचो. आता नको, त्यात शिसं असतं, हाताला लागतं ते पोटात जातं. तिकडे तयार पिवळी पेस्ट मिळते ती घे. छापाचा फोटो काढ, दाताच्या दोन्ही अंगांचा.

त्यानंतर बेअरिंगच्या टोप्या. डावी-उजवीवर पंचने खुणा कर, एक टिंब आणि दोन टिंबं. त्या टोप्या हाउसिंगला लावूनच बोअर केलेल्या असतात. अदलाबदल झाली किंवा उलटी बसली तर नवं बेअरिंगसुद्धा गोल बसणार नाही. बाजूच्या आट्यांच्या रिंगांनाही खूण कर, कुठल्या दात्यावर लॉक होती ती.

एवढं झालं की मग उघड.

मागचंचाक

काका, लाखमोलाचं बोललात. आज फक्त गाडीवरून जुनं उतरवलं, म्हणून तेवढंच लिहितो.

मियाटात गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब फ्रेम आहे, पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. तिच्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफ मिळून एकच ताठ तुकडा होतो. ती सोडायच्या आधी गिअरबॉक्सखाली जॅक लावलाच पाहिजे, नाहीतर त्याचं शेपूट खाली येतं. फ्रेम डिफला दोन लांब बोल्टांनी धरलेली असते आणि त्यातल्या एकाभोवती पोलादी बुश. मिठाच्या रस्त्यावरच्या गाडीत हा बुश अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतो. बोल्ट निघाला, बुश निघेना. रात्रभर भेदक तेल मुरवलं, मग पाचर घालून, थोडं इकडून थोडं तिकडून, तेव्हा कुठे सरकला. बाकीचं नेहमीचंच: चाकाचा २९ चा नट, हब वरच्या बोल्टातून सोडून बाहेर झुकवायचा, हाफशाफ्ट ओढायचा. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

हो, तेल काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. खालचा सुटला आणि वरचा गंजून बसला असेल तर गाडी स्टँडवर आणि तुम्ही डोक्याला हात लावून.

दातेरी

पुण्यात गिअर तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून राहवलं नाही. दोन गोष्टी.

आधी सुरक्षेची. रुतलेल्या बुशाला टॉर्चने शेक द्यायचा मोह होतो. त्याआधी तिथे क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर अजिबात नको. तापल्यावर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो आणि तो विषारी वायू आहे. डब्यावर 'क्लोरीनविरहित' लिहिलंय का ते बघा.

दुसरी, क्राउन-पिनियन तेच ठेवताय ते उत्तम. हे दोन दागिने जोडीनेच जन्माला येतात. हायपॉइड गिअर कापून झाल्यावर क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून लॅप करतात, मग दोघांवर जोडीचा एकच क्रमांक टाकतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही लावू नका, दात मोजून सारखे भरले तरी. 'हायपॉइड' म्हणजे पिनियनची अक्षरेषा क्राउनच्या मध्यातून न जाता खाली सरकवलेली. त्यामुळे पिनियन जाड करता येतो, ताकद वाढते, शाफ्ट खाली येतो. किंमत अशी, की दात एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. म्हणून इथे गंधक-फॉस्फरसचं अतिदाबाचं तेल, जीएल-५, लागतं. साधं गिअर तेल घातलंत तर दात स्वतःचीच चमडी सोलतील.

आळशी मांजर

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे, गाडी नसतानाही.

उंटावरचा शहाणा

तेच क्राउन-पिनियन कशाला? १.८ चं डिफ ४.१० च्या गिअर प्रमाणाचं असणार, तुमचं जुनं ४.३० चं होतं. ऑटोक्रॉसला छोट्या गिअरिंगचाच फायदा. ७ इंचीत ४.३० मिळतं की, नव्या मियाटांतलं.

मागचंचाक

हिशोब करूनच ठरवलंय. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ दात, पिनियनला १०. ४.३० म्हणजे ४३ ला १०. सहा गिअरच्या गाड्यांत ३.९०९ येतं, ४३ ला ११. माझा पाचवा गिअर ०.८१४ आणि टायर १८५/६०-१४. ताशी १०० किलोमीटरला ४.३० वर इंजिन साधारण ३,२०० फेरे घेतं, ४.१० वर ३,०५० च्या आसपास. हायवेवर तेवढीच कानाला शांतता. टर्बो आलाच तर लांब गिअरिंग बरं पडतं. ऑटोक्रॉसला जरा तोटा, मान्य. पण ४.३० ची जोडी आणायची तर पिनियनची खोली शून्यापासून बसवावी लागणार. आत्ता माझ्या हातात कारखान्याने बसवलेली जोडी आहे, फक्त बेअरिंग गेलेली. ती सोडून नवा उद्योग कोण करतो?

सह्याद्रीचा वारा

माझी थार आहे. कंपनीने मागे आपोआप लॉक होणारं डिफ दिलंय. एक चाक चिखलात सुटलं की जरा वेळ फिरतं, मग खट् आवाज येऊन दुसरंही ओढायला लागतं. हे टोर्सन तसंच का?

दातेरी

नाही हो. तुमच्यातलं दोन चाकांच्या वेगात फरक पडला की यांत्रिक पद्धतीने पूर्ण लॉक होतं, वेग वाढला की सुटतं. टोर्सनमध्ये लॉक ही भानगडच नाही. आत तिरक्या दातांचे गिअर असतात, त्यांच्यावर टॉर्क आला की ते बाजूला ढकलले जातात आणि घर्षण वाढतं. त्या घर्षणामुळे पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या काही पट टॉर्क मिळतो. 'काही पट' हे नीट ध्यानात घ्या. एक चाक हवेत गेलं, त्याचा टॉर्क शून्य झाला, की शून्याची कितीही पट शून्यच. तेव्हा टोर्सन ओपन डिफसारखंच वागतं. हँडब्रेक किंचित ओढला तर हवेतल्या चाकावर थोडा भार येतो आणि काम चालून जातं. तुमच्या दगडधोंड्यांच्या वाटेवर तुमचंच डिफ बरं.

मागचंचाक

उघडलं. मागचं अॅल्युमिनियमचं कव्हर (दोन कान आणि त्यात रबरी बुश असलेलं) बाजूला केलं की बिडाचा पुढचा तुकडा हातात येतो, त्यातच सगळं काम.

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी मोजलं. मॅन्युअलमध्ये बॅकलॅश ०.०९ ते ०.११ मिलिमीटर दिलाय. माझा जुना सगळीकडे ०.१३ च्या आगेमागे भरला. छाप दाताच्या मध्यावरून किंचित हीलकडे, म्हणजे बाहेरच्या जाड अंगाकडे. पिनियनचं मोठं बेअरिंग काढल्यावर खरखरीचं कारण दिसलं: कपावर (बाहेरच्या रिंगेवर) एका पट्ट्यात खवले गेल्यासारखे खड्डे, नखाला जाणवतात. बाजूची बेअरिंग तशी ठीक, पण मी बदलतोयच. दात चकचकीत, कुठे टवका नाही.

आता अडलोय ते इथे. पिनियनचं डोकं आणि मोठं बेअरिंग यांच्यामध्ये शिम (पातळ चकती) आहे, तोच पिनियनची खोली ठरवतो. नवं बेअरिंग लावून जुना शिम तसाच ठेवू?

जुना फिटर

शिम तोच ठेव, पण डोळे झाकून नको. जुनं आणि नवं बेअरिंग दोन्हीची उंची मोज. नुसत्या कोनाची (रोलरसकट आतल्या रिंगेची) नाही, कप आणि कोन एकत्र बसवून. सपाट प्लेटवर ठेव, वर एक वजन ठेव, रोलर जागेवर बसेपर्यंत फिरव, मग वरच्या अंगावर डायल गेज. जुनं काढताना पिंजरा तुटला नसेल तर हे जमतं, म्हणून पुलर लावताना रोलरला न धरता मागून धरायचा. नवं जितकं जाड भरेल तितका शिम पातळ, नवं पातळ असेल तर शिम जाड. म्हणजे पिनियन पूर्वीच्याच जागी येतो. कारखान्यात कोणीतरी मेहनत करून ती जागा शोधली होती, आपण परत शोधायची नाही, राखायची.

उंटावरचा शहाणा

काका, आदरपूर्वक असहमत. छाप हीलकडे आहे म्हणजे ती जागा चुकीचीच. पुस्तकात स्पष्ट आहे, छाप दाताच्या मधोमध पाहिजे. नवं बसवतोय तर मध्यावरच आणावा.

दातेरी

पुस्तक नव्या गिअरसाठी लिहिलेलं असतं. ही जोडी वर्षानुवर्षं एका ठिकाणी चालून एकमेकींना रुळलेली आहे, पृष्ठभाग त्या जागी जुळलेत. आता पिनियन हलवून छाप पुस्तकासारखा मध्यात आणला, तर न रुळलेला भाग रुळलेल्या भागावर चालणार. दिसायला छाप देखणा, चालवायला ताशी ७०-८० ला शीळ. असे गिअर आमच्याकडे तपासायला येतात. फोटो सुंदर आणि मालक वैतागलेला.

आणि हीलकडे का सरकला तेही बघा. बॅकलॅश वाढला की छाप हीलकडे जातो, कमी झाला की 'टो'कडे, म्हणजे आतल्या बारीक अंगाकडे. यांचा बॅकलॅश ०.१३ आहे, बेअरिंग झिजून वाढलेला. तो परत ०.११ वर आणला की छाप थोडा आपोआप आत येईल. पिनियनची खोली चुकली असती तर छाप वर-खाली सरकला असता: पिनियन जास्त आत असेल तर दाताच्या मुळाशी, बाहेर असेल तर शेंड्याकडे. हा तसा नाहीये. तेव्हा शिमला हात लावायचं कारणच नाही, उंचीतला फरक भरून काढण्यापुरता सोडून.

उंटावरचा शहाणा

बरं, उंटावरून उतरतो. छाप वर-खाली आणि आडवा, हे दोन वेगळे आजार आहेत हे डोक्यात नव्हतं आलं.

मागचंचाक

मोजलं. नवं बेअरिंग जुन्यापेक्षा ०.०३ मिलिमीटरने उंच. तेवढाच पातळ शिम मागवला आणि थांबलो.

दरम्यान ओव्हन प्रकरण. बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवण्यापेक्षा शंभर-एकशेदहा अंशांवर तापवून सरकवणं बरं, असं ठरलं. घरातल्या ओव्हनकडे मी नुसतं पाहिलं तर बायकोने विचारलं, "त्यात आज काय भाजणार आहेस?" उत्तर न देता जुन्या सामानाच्या दुकानातून एक टोस्टर ओव्हन आणला. पिनियन मात्र फ्रीझरमध्ये ठेवलाच, पिशवीत गुंडाळून, मटारांच्या मागे. तापलेलं बेअरिंग थंड पिनियनवर ठेवलं आणि ते टक्कन तळाशी जाऊन बसलं. जाड हातमोजे घाला, कारण दुसरी संधी मिळत नाही. वाटेत अडकलं की तिथेच गोठतं.

जुना फिटर

गार झाल्यावर प्रेसने एकदा दाबून घे. बेअरिंग थंड होताना आकसतं आणि कधी कधी खांद्यापासून केसभर वर सरकतं. तो केस तुझ्या शिममध्ये धरला जाईल.

आता क्रश स्लीव्ह. सावकाश. फार सावकाश.

मागचंचाक

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये पातळ पोलादी नळी असते. पुढचा नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगवर प्रिलोड येतो. प्रिलोड म्हणजे पिनियन फिरवायला लागणारा जोर, मॅन्युअलमध्ये १.३ ते १.८ न्यूटन-मीटर. नट आवळायला मात्र लांब पाइप लावून अंगाचा भार टाकावा लागतो. एवढा जोर लावून एवढंसं माप गाठायचं, ही यातली खरी गंमत.

नळी चेपायला लागेपर्यंत काटा शून्यावर आणि पिनियन आत-बाहेर खुळखुळतो. मग खुळखुळ थांबते. तिथून पुढे नट जेमतेम हलवायचा, पिनियन दहा-बारा फेरे फिरवायचा म्हणजे रोलर बसतात, मग मोजायचं. शेवटी शेवटी नट फिरलेला डोळ्याला दिसतही नाही, पण माप चढलेलं असतं. १.५ वर थांबलो. पुढे गेलं तर नट उलटा सोडून चालत नाही, चेपलेली नळी परत उभी राहत नाही. नवी घ्यायची आणि पहिल्यापासून. म्हणून दोन मागवल्या होत्या, एक उरली.

सह्याद्रीचा वारा

यापेक्षा ठोस स्पेसर मिळतो ना? शिम घालून मापात आणायचा. सारखा उघडावा लागला तरी चिंता नाही.

जुना फिटर

मिळतो आणि चांगला असतो. रेसवाल्यांनी तोच लावावा. पण त्यात शिम बदलत बसवायचं-काढायचं करावं लागतं, घरच्या माणसाचा धीर सुटतो. याचं काम एकदाचं आहे.

मागचंचाक

बाजूची बेअरिंग, टोप्या खुणांप्रमाणे, आट्यांच्या रिंगा. दोन्ही रिंगांनी क्राउन डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो. एक सोडली तर दुसरी तेवढीच आवळायची, म्हणजे प्रिलोड तसाच राहतो आणि फक्त बॅकलॅश बदलतो. ०.१० ते ०.११ मध्ये सगळ्या जागा आणल्या. रंग लावून छाप घेतला आणि फोनवर जुना फोटो शेजारी धरला. उंची तीच, फक्त हीलकडून थोडा मध्याकडे आलेला. दातेरीताईंनी म्हटलं होतं तस्संच.

मग कव्हर, सीलं, गाडीत चढवणं. चढवताना त्या लांब फ्रेमची उंची नीट धरा, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि हायवेला बुडाखाली थरथर येते. तेल जीएल-५, ७ इंचीत एक लिटर.

भोपळे चौकात

तेलात तो घर्षण कमी करायचा डोस घालायचा ना? माझ्या मेव्हण्याने घातला होता.

दातेरी

क्लचच्या चकत्या असलेल्या लिमिटेड स्लिपमध्ये घालतात, चकत्या कुरकुरू नयेत म्हणून. टोर्सनमध्ये चकत्यांचा तो प्रकार नाही, आणि इथे घर्षण हेच भांडवल आहे. घालू नका. आणि हे तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, कोणी कितीही सांगो. जीएल-५ मधल्या गंधकाच्या मिश्रणांनी पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) त्रास होऊ शकतो. तिथे मॅन्युअल सांगेल तेच.

मागचंचाक

चालवली. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने, मग पूर्ण गार होऊ दिली, असं काही वेळा. ८०० किलोमीटरला तेल बदललं. चुंबकाच्या बोल्टावर करड्या रंगाची बारीक पेस्ट होती, बोटांत चोळली तर कण लागत नाहीत. ती चालते. चमकणारे तुकडे असते तर परत उघडावं लागलं असतं.

आवाजाचं म्हणाल तर पाय दाबून नाही, सोडून नाही. मुद्दाम ताशी ६० ते ११० मध्ये दोन्ही प्रकारे ऐकलं. दाबल्यावर शीळ असेल तर दाताचं एक अंग, सोडल्यावर असेल तर दुसरं, आणि दोन्हीत सारखी गुरगुर असेल तर बेअरिंग, असं वाचलं होतं. तिन्ही नाही.

ऑटोक्रॉसला मात्र पहिल्या फेरीत हिरमोड झाला. सर्वात घट्ट वळणाला आतलं चाक परत फिरायला लागलं! शून्याची कितीही पट शून्य, हे ताई वर लिहून गेल्या होत्या, तेच घडत होतं. माझ्या गाडीला मागे जाड अँटी-रोल बार (गाडीला कलू न देणारी दांडी) आहे, तो वळणात आतलं चाक उचलून धरतो. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या दोन्ही लिंक सोडून टाकल्या. दुपारनंतर गाडी वळणातून अशी निघायला लागली की शेजारच्या गल्लीतला म्हातारा मस्टँगवाला येऊन खाली वाकून बघून गेला. पुढची बाजू थोडी जास्त बाहेर ढकलते आता, ते टायरमधल्या हवेने जमवतोय.

उंटावरचा शहाणा

स्पीडोमीटरचं काय केलंत? मियाटात तो गिअरबॉक्सवरून चालतो. ४.३० चा ४.१० केलात म्हणजे काटा कमी दाखवणार.

मागचंचाक

दाखवतोच. ४.१० भागिले ४.३०, म्हणजे खऱ्या १०० ला ९५ च्या जरा वर. हायवेवर आपण साळसूदपणे मर्यादेत आहोत असं वाटतं आणि शेजारून कोणी पुढे जात नाही, तेव्हा लक्षात येतं. गिअरबॉक्सच्या बाजूला स्पीडो केबलचा छोटा प्लास्टिकचा गिअर असतो, तो १.८ च्या गाडीचा मागवलाय. तोवर फोनवरचा वेग बघतो.

सह्याद्रीचा वारा

जुन्या ६ इंचीचं काय?

मागचंचाक

इथल्याच एका १.६ वाल्याने नेलं. त्याचं इंजिन मूळचंच आहे आणि तो फक्त रविवारी छप्पर उघडून फिरतो, त्याला ते पुरून उरेल. देताना त्याच्यासमोर फ्लँज हाताने फिरवून दाखवला. उरलेली क्रश स्लीव्ह माझ्याकडे आहे. मिशिगनमधल्या कोणाला ७ इंची उघडायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, टोस्टर ओव्हनही देतो.